शेकलेला डफ
धानाच्या तणसाचा धूर नाकात गेला की मला दिवाळीनंतरची एक मंडई, म्हणजे गावची जत्रा, आठवते. त्या वर्षी सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात खडी गंमत या लोकनाट्याचे दोन शाहीर सवाल-जवाबाला समोरासमोर उभे राहणार होते. धान लोंबीवर आल्यापासून मी दिवस मोजत होतो; त्यांतल्या आमच्या आवडत्या शाहिराच्या चाली मी बांधावरून बैलांनाही ऐकवल्या होत्या. मंडईच्या दुपारी त्याचा डफ शेकण्याचा मान मी मागून घेतला. रात्रीच्या दवाने सैल पडलेले कातडे तणसाच्या आचेवर ताणले गेले, बोट मारताच खणखणीत बोलू लागले. तेवढे पुरेसे होते. मला आवाज आणखी चढा हवा होता, म्हणून मी मूठभर तणीस वाढवले आणि कातडे मधोमध तडकले. समोरच्या फडातला एक जण ओरडला, “आता टाळ्या वाजवून गा, भाऊ!” लोक हसले. शाहिराने मला विचारले, “काऊन रे, जास्त तापवला का?” “नाई भाऊ, कातडंच जुनं होतं.” त्याने तडकलेल्या जागेवरून बोट फिरवले. “हौ, जुनंच होतं. माह्या बापाचा डफ होता तो.” उसना डफ घेऊन तो उभा राहिला, तिसऱ्या सवालाला अडखळला आणि खाली बसला. आमच्या मंडईत तो पुन्हा आला नाही. मीही त्यानंतर कोणाची गंमत ऐकली नाही. एवढा शौक कसा सुटला, असे घरचे विचारतात. मी वयाचे कारण सांगतो.