परमुलखातलं गाऱ्हाणं

देवाशी मी अबोला धरला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वडील आजारी पडले तेव्हा अख्ख्या गावाने रवळनाथाच्या देवळात त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घातलं. तळकोकणातली आमची ही रीत आहे. एकजण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला मागे उभी असलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कित्येक वर्षं हे गाऱ्हाणं वडीलच घालत आले होते. त्या दिवशी त्यांच्यासाठी दुसऱ्याला उभं राहावं लागलं. आठ दिवसांनी वडील गेले. मी नर्स आहे, त्यांचे रिपोर्ट मी वाचले होते, त्यामुळे काय होणार ते मला कळत होतं. तरी मी देवावर रुसलेच. यंदा जानेवारीत नवऱ्याबरोबर कुवेतला आले, रिग्गईत चौथ्या मजल्यावर घर घेतलं, पण देवघर काही मांडलं नाही. रडणंही तसंच कुठेतरी राहून गेलं होतं.

मला फरवानियात एका दवाखान्यात नोकरी लागली होती. प्रशांत, माझा नवरा, अहमदीकडे एसीच्या देखभालीचं काम करतो. आमचा दोघांचाही हा इथला पहिलाच उन्हाळा. एप्रिल संपतासंपता गच्चीवरच्या टाक्या अशा तापायला लागल्या की थंड पाण्याचा नळ सोडला तरी कढत पाणी यायचं. आम्ही आपले संध्याकाळी बादल्या भरून ठेवायचो आणि निवलेल्या पाण्याने सकाळी अंघोळ उरकायचो. गिझर तर केव्हाच बंद केला होता, त्याच्या नळाला महिनाभर हातही लावला नव्हता. कोरडा उन्हाळा एक वेळ सोसवतो. पण समुद्रावरून दमट वारा सुटला की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि वाळत नाही म्हणून अंग निवतही नाही.

मे अखेरचा असाच एक दमट दिवस होता. माझी रात्रपाळी होती म्हणून दुपारी मी घरीच होते. तीनच्या सुमाराला आभाळ मातकट झालं, धुळीचा लोट आला आणि पाठोपाठ गडगडाट सुरू झाला. एक वीज इतकी जवळ कडाडली की खिडकीची काच थरथरली. त्याच क्षणी इमारतीतली लाईट गेली, एसी बंद पडला. मग चिखलाचे थेंब असावेत तसा पाऊस कोसळायला लागला. दहा मिनिटांत खालचा रस्ता पाण्याखाली गेला.

तेवढ्यात दारावर काहीतरी आदळलं. दार उघडलं तर प्रशांत भिंतीला टेकून उभा होता. सकाळपासून तो कामावर एका गच्चीवरच्या एसी यंत्रांवर काम करत होता, बरं वाटेना म्हणून गाडीवाल्याने त्याला आमच्या फाटकाशी सोडलं होतं. लिफ्ट बंद, त्यामुळे चार मजले चढून आला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि तो मला आई समजून हाक मारत होता. मी ताप पाहिला, एकेचाळीस सेल्सिअसच्या वर. हा उष्माघात आहे आणि अर्ध्या तासात अंग थंड झालं नाही तर मेंदूवर जाईल, हे मी दुसऱ्यांना शिकवलं होतं. अॅम्ब्युलन्सला फोन केला. रस्ते तुंबलेत, निघतोय, पण वेळ लागेल, तोवर थंड पाणी घालत राहा, असं पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं.

पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते खोटं नाही. फ्रीजमधला दोन ट्रे बर्फ त्याच्या काखेत ठेवला, तो बघता बघता विरघळला. ओला टॉवेल गुंडाळला, पण पंखा नाही आणि हवा इतकी दमट की टॉवेलच गरम झाला. बादल्या सकाळीच रिकाम्या झाल्या होत्या. त्याला कसंबसं ओढत न्हाणीघरात नेऊन बसवलं, घाईघाईत थंड पाण्याचाच नळ सोडला आणि माझाच हात भाजला. वेळ जात होता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी फरशीवर बसले. अकरा वर्षांची नोकरी, आणि मला पुढे काय करायचं ते सुचेना.

मी ठरवून काही केलं नाही. तोंडातून आपोआप वडिलांच्या चालीवर शब्द यायला लागले. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, आणि माझा तर देवाशी अबोला होता. तरी म्हटलं, “बा देवा रवळनाथा, परमुलखात तुझी लेक एकटी पडली आसा. जी काय चूक झाली आसात ती पदरात घे, आणि माझ्या घोवाक वाचव रे म्हाराजा.”

आणि मी थांबले. तिथे थांबायचंच असतं, मागून उत्तर येण्यासाठी. पण माझ्यामागे कोण होतं?

“व्हय म्हाराजा.”

अॅम्ब्युलन्सवाल्यांसाठी घराचं दार मी सताड उघडं ठेवलं होतं. मागे वळून पाहिलं तर न्हाणीघराच्या दारात समोरच्या घरातली बाई उभी होती. साठीची, काळ्या बुरख्यातली. पाच महिने मी तिला अरब समजत होते, आणि मी नर्स म्हणून तिने मला केरळची ठरवलं होतं. त्यामुळे जिन्यात एकमेकींकडे पाहून हसण्यापलीकडे आमची मजल गेली नव्हती. तिने एकदा प्रशांतकडे पाहिलं, एकदा वाफाळत्या नळाकडे.

“तो नको गो,” ती म्हणाली. “तांबड्या खुणेचो नळ सोड. गिझर बंद आसा मां?”

मी लाल खुणेचा नळ सोडला. गार पाणी आलं. महिनाभर एसीच्या गारव्यात गिझरमध्ये साठून राहिलेलं पाणी. इथे वर्षं काढलेली माणसं उन्हाळ्यात हेच करतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. तिने स्वयंपाकघरातून मोठा ट्रे आणला आणि दोन्ही हातांनी वारा घालायला लागली. किती वेळ गेला ते आठवत नाही. प्रशांतचा श्वास सावकाश व्हायला लागला, मग त्याने डोळे उघडले.

“पाणी कित्याक वाया घालवतस?” त्याने विचारलं.

अॅम्ब्युलन्स आली तेव्हा ताप अडतीसवर उतरला होता. तो तीन दिवस हॉस्पिटलात राहिला आणि चालत घरी आला. वेळेवर अंग थंड केलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. याला चमत्कार म्हणावं की शेजारधर्म, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मला जे मिळालं ते मी दोन्ही हातांनी घेतलं.

तो घरी आला त्या दुपारी रशिदाबी, आमची ती शेजारीण, पेज घेऊन आली. तिचं माहेर देवगडकडे खाडीकाठी, घर देवळाच्या वाटेवर. लहानपणापासून गाऱ्हाणी कानावर पडलेली. प्रशांतला झोप लागल्यावर मी तिला विचारलं, की तुम्ही मला ओळखत नव्हता, आत काय झालंय तेही माहीत नव्हतं, मग हो कशाला म्हणालात?

तिला माझा प्रश्नच नवलाचा वाटला. “गाऱ्हाणा घालणाऱ्याक एकटो सोडूचो नसता गो,” ती म्हणाली. “ज्याच्या कानार पडला, तेना व्हय म्हणूचा.”

मी दोन वर्षं एवढंच धरून बसले होते, की गावाने मागितलं आणि देवाने दिलं नाही. वडिलांसाठी त्या दिवशी देवळात किती माणसं उभी होती, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. काय द्यायचं ते देणारा ठरवेल. पण ‘व्हय’ म्हणायला त्याने तेव्हाही माणसं धाडली होती आणि माझ्यासाठीही धाडली, अगदी समुद्रापार. वडील एकटे गेले नव्हते.

मी रडायला लागले. दोन वर्षांनी, वडिलांसाठी. रशिदाबीने पेजेवर झाकण ठेवलं आणि माझं रडणं संपेपर्यंत ती शेजारी बसून राहिली.