बाबांच्या खांद्यावर

माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना रात्री नऊला झोपायचा, तो थेट सकाळी सहाला डोळे उघडायचा. हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरायचो, जणू मीच त्याला शिकवलं होतं. बायको म्हणायची, "सांगू नका हो कोणाले, दृष्ट लागते." नवव्या महिन्यात ती लागली. पोरगा रात्री एकला, मग अडीचला, मग चारला उठायला लागला. उठायचा म्हणजे पाळण्याची दोरी धरून उभा राहायचा आणि मलकापूरच्या आमच्या अर्ध्या गल्लीला जागं करायचा. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, दात येताहेत, नवीन उभं राहायला शिकलाय, जाईल आपोआप. महिना झाला तरी जाईना.

बायको दिवसभर एकटी त्याच्यामागे, आणि मी कॉलेजच्या ऑफिसात पेंगत दाखल्यांवर शिक्के मारणारा कारकून. शेवटी मी पिंपळगाव राजाला फोन करून बाबांना बोलावून घेतलं. आई गेल्यापासून ते गावी थोरल्या भावाकडे असतात. एका पिशवीत दोन धोतरं आणि बॅटरी घेऊन ते आले.

पहिल्याच रात्री पोरानं नुसतं कूं केलं आणि बाबा उठले. त्याला खांद्यावर टाकून बाहेर, रेल्वेच्या रुळांकडे तोंड असलेल्या ओट्यावर गेले. दहा मिनिटांत पोरगा गप्प. बायको कित्येक दिवसांनी गाढ झोपली. मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र छताकडे बघत पडलो होतो आणि माझ्या पोटात दुखत होतं.

त्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बाबा त्याच्याशी बोलत होते. "हे पाह्य, मालगाडी चालली. डबे मोज बरं. हा लाल, हा बी लालच." मग त्याला आमच्या जुन्या बैलाची गोष्ट सांगत होते, जो नाल्यातल्या पाण्याला भ्यायचा. ही गोष्ट मला माहीत नव्हती! तो बैल माझ्या लहानपणी आमच्या गोठ्यात होता आणि ती गोष्ट मी चाळिशीला आल्यावर, दाराआड पडून, दुसऱ्याला सांगितलेली ऐकत होतो. मला बाबांनी जन्मात दोनच प्रश्न विचारले. पेपर कसा गेला, आणि जेवला काय.

आमच्याकडे रीतच होती. घरात वडीलधारं माणूस असलं की बापानं आपलं लेकरू उचलायचं नाही. उचललं तर तो निर्लज्ज. पुतण्याला खुशाल कडेवर घ्या, स्वतःच्या पोराकडे बघायचंही नाही. मी सहा वर्षांचा असताना बैलगाडीवरून पडलो, हात मोडला. आजोबा सोबत होते, म्हणून काकांनी मला कडेवर घेऊन बसथांब्यापर्यंत नेलं. बाबा पिशवी घेऊन चार पावलं पुढे चालत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघून रडत होतो, हे मला अजून आठवतं. हाताचं दुखणं आठवत नाही.

नातवंड म्हणजे दुधावरची साय, असं म्हणतात. मग दूध कोण? दुधाला कधी कोणी विचारलं? नऊ महिन्यांच्या पोरावर बाप जळतो हे ऐकून लोक हसतील. हसोत. मी जळत होतो.

बाराव्या रात्री पोरगा रडला तेव्हा मी मुद्दाम आधी उठलो. पाळण्याशी पोचलो. तोवर बाबाही आले. पोरानं दोन्ही हात पुढे केले, मला ओलांडून, मागे उभ्या बाबांकडे. माझा तोल गेला.

"तुमच्यामुळंच उठते तो," मी म्हणालो. "रोज उचलून उचलून सवय लावली तुम्ही. आम्ही नाही मोठे झालो? आम्हाले कोणी घेतलं होतं?"

बाबांनी पोराला बायकोच्या कुशीत ठेवलं. सकाळी पिशवी भरून म्हणाले, वावरात काम आहे. या दिवसांत वावरात काही काम नसतं, हे मलाही ठाऊक होतं. बायकोनं पुष्कळ सांगून पाहिलं, ते थांबले नाहीत.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. खामगावची गाडी लागली. पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले.

"तू लहानपणी लई रडे," ते म्हणाले. "तुह्या आजासमोर मले उठता येत नव्हतं. मंग मी रातच्या राखणीले, जागलीवर निघून जाय. वावरात. तेथ ऐकू येत नव्हतं."

मागचे लोक ढकलत होते. ते आत गेले, आणि मी नुसता हात हलवला.

घरी आलो तर बायको तोंड फिरवून बसलेली. म्हणाली, "बाबा आले तेव्हापासून तुम्ही याले एकदा तरी घेतलं काय? हात पुढे करता अन् मागे घेता. त्यायले दिसत नसंल काय ते?" मी म्हणालो, असं काही नाही. मग आठवून पाहिलं. पोरगा रांगत माझ्याकडे आला की मी मोबाइल काढायचो. मला कोणी ही रीत शिकवली नव्हती, तरी मी ती बिनचूक पाळली होती.

त्या रात्री दीड वाजता तो उठला. मी त्याला खांद्यावर घेऊन ओट्यावर आलो. तो माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होता आणि रडत होता. मालगाडी आली. मी म्हटलं, डबे मोज. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तासभर फिरवलं तेव्हा कुठे दमून त्याचं डोकं माझ्या मानेवर पडलं, लाळ शर्टात उतरली. जिंकल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट मीही दोनदा दाराकडे पाहिलं.

पाच वाजता बाबा उठलेले असतात. मी फोन लावला.

"बाबा, या."

"काऊन बे? कालच त आलो मी. तुले घेता येत नाही काय त्याले?"

"येते. माह्या खांद्यावर निजला रातभर."

"मंग आता कोणाले पाहिजे मी?"

"दोघाले," मी म्हणालो.