नववा माणूस खोलीत येतो तेव्हा

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला घरात सगळे ठिपक्या म्हणतात. लहानपणी चौकटीच्या वहीत एकेक चौकोन काळा करून माणसं काढायचा, म्हणून ठिपक्या. आता तो एकावन्न वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस गेलेत, चष्म्याची काच जाड झालीय आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एकाच कंपनीत त्याची चोवीस वर्षं गेलीत. नाव तेच.

गेम म्हटलं की माझ्या वयाचे लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. मीही मुरडायचे. पण या मुलाने आयुष्यात एक खरी गोष्ट केली आणि ती गेममध्ये केली, तेव्हा त्याची हकिगत सांगायची तर तिथूनच सांगावी लागणार.

तो सव्वीसचा असताना त्याचे वडील अचानक गेले. त्यांचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. भेटायला माणसांची रीघ लागली. माझी बहीण एरवी वाऱ्यासारखी चालणारी. त्या दिवसांत ती स्वयंपाकघरातून पाण्याचे पेले घेऊन दारापर्यंत जायची, आणि जितकी माणसं जास्त तितकं तिचं पाऊल जड. कुणी तिचा हात धरी, कुणी नुसतं बघत राही. पंधरा पावलांच्या वाटेला पाच मिनिटं लागायची. मग दोन आठवड्यांनी सगळे आपापल्या घरी गेले, आणि बाई एकदम भरभर चालायला लागली. या खोलीतून त्या खोलीत, काही काम नसताना. मी म्हटलं, "अगं, बस की जरा." ती म्हणाली, "ताई, वाटेत कोणी नाहीच आता."

ठिपक्या तिथेच भिंतीला टेकून बसला होता. दीड वर्षाने त्याने ते गेममध्ये घातलं.

तेव्हाचं यंत्र साबणाच्या वडीएवढं होतं, हातात धरून खेळायचं. करड्या रंगाच्या चार छटा, आणि पडद्यावर हलती माणसं फार तर आठ. नववं आलं की यंत्राला धाप लागायची आणि सगळंच हळू व्हायचं. आवाजालाही जागा इतकी कमी, की त्याने खुर्ची सरकवल्याचा एकच आवाज घेतला. तोच संथ वाजवला की दार, भरभर वाजवला की चिमणी. गेमचं नाव 'भेटायला आलेले'. एक बाई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन निघते, दारापर्यंत पोचवते, परत येते. दर फेरीला घरात एक माणूस वाढतो. नववा आत आला की बाईचं पाऊल जड होतं, भिंतीवरचं घड्याळ जड होतं, पडदाही जड हलतो. मग माणसं एकेक करून निघून जातात. शेवटचा गेला की बाई एकदम हलकी होते, बटण दाबलं की सुर्रकन जाते. पण पाणी द्यायला कुणी नसतं. फिरत राहा हवं तितकं. गेम तिथे संपतो, म्हणजे तुम्हीच कधीतरी बटण सोडता.

साहेब म्हणाले होते, "यंत्र अडखळतंय, माणसं कमी कर." ठिपक्या म्हणाला, "यंत्र अडखळतंय म्हणून तर गेम आहे." कसाबसा निघाला. फार खपला नाही, पण पत्रं आली. एका माणसाने लिहिलं होतं, "माझी बायको गेल्यावर घर असंच झालं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?" ते पत्र ठिपक्याने जपून ठेवलंय. माझी बहीण आयुष्यात तो एकच गेम खेळली. पूर्ण खेळली, यंत्र पालथं ठेवलं आणि म्हणाली, "बघत होतास तर तू." बस, एवढंच.

मग नवी यंत्रं येत गेली. दर काही वर्षांनी एक. प्रत्येक वेळी मोठा समारंभ, प्रत्येक वेळी कुणीतरी माईक धरून सांगणार की आता कल्पनेला पंख फुटणार. पंख कुणाला फुटले ते मी पाहिलं नाही. कंपनीचे मात्र चार मजले झाले. एकदा मी विचारलं, "सध्या काय करतोस?"

"कोपर करतो, मावशी."

"कोपर?"

"बाही दुमडली की कोपराशी सुरकुत्या पडतात ना, त्या."

"आणि हात कोण करतं?"

"हात दुसऱ्या मजल्यावर."

मी हसले. तोही हसला. पण त्याने ती कोपरं दोन वर्षं केली. त्यानंतर तीन वर्षं ओली फरशी. पूर्वी एका माणसाच्या डोक्यात मावणारी गोष्ट आता दोनशे जणांत वाटलेली, आणि वाटून वाटून कुणाच्याच पानात काही उरलं नव्हतं.

उगाच जुन्याचे गोडवे गाणारी बाई मी नाही. त्या साबणाच्या वडीवरही शेकडो टाकाऊ गेम निघाले. यंत्र गरीब म्हणून माणूस हुशार होतो असं काही नसतं. पण गरीब यंत्र ठिपक्याला निदान विचारत तरी होतं, की बाबा, एवढंच आहे, यात काय सांगशील? नवं यंत्र विचारत नाही. ते म्हणतं, सगळं आहे, भरत बस.

दोन वर्षांपूर्वी सगळ्यात नवं यंत्र यायचं होतं आणि कंपनीकडे त्याच्यासाठी नवं काही सुचलेलं नव्हतं. म्हणून जुन्यातलं काहीतरी नव्याने करायचं ठरलं. ठिपक्या भर दुपारी माझ्या दारात उभा, बूटही न काढता.

"मावशी, त्यांनी तो परत मागितलाय!"

"कोण तो?"

"भेटायला आलेले! मी प्रमुख!"

कित्येक वर्षांत त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून तो म्हणाला, "मला एकच गोष्ट वाचवायचीय. नवव्या माणसाचा जडपणा. बाकी त्यांना हवं ते करू दे. पडदे रेशमी करा, पेल्यातलं पाणी चमकवा. तेवढं एक राहिलं की ती आई आहे. नाहीतर कुणीही बाई."

अडचण अशी की नव्या यंत्राला धाप लागतच नाही. नऊ सोडा, त्या खोलीत तीनशे माणसं उभी केली तरी ते ढिम्म. मग जडपणा हाताने घालावा लागणार. आधी त्याने नुसती बाई हळू चालवून पाहिली. "नाटकातल्यासारखी दिसते," म्हणाला, "हळू चालण्याचा अभिनय करणारी." जुन्या गेममध्ये घड्याळ, पडदा, माणसं, सगळं एकत्र जड व्हायचं. तेव्हा त्याने यंत्रालाच थबकायला लावलं. नववा आत आला की प्रत्येक क्षणी थोडं थांब, दहावा आला की आणखी थोडं. यंत्राला द्यायच्या सूचनांच्या चारच ओळी होत्या म्हणे. त्यांना त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तिथून भांडणं सुरू. कंपनीत गेम तपासणारी माणसं असतात; काही चुकलं की ती यादीत नोंद करतात. रोज नोंद यायची, बाई अडखळते. रोज ठिपक्या खाली लिहायचा, मुद्दाम आहे. चार महिने हे चाललं. शेवटी त्याच्या वरच्या मॅडमनी बोलावलं.

"किती जणांना घरी जाऊन सांगणार आहात, मुद्दाम आहे म्हणून?"

"कुणालाच नाही, मॅडम. खेळणाऱ्याला कळतं."

"आणि नाही कळलं तर?"

"तर तो गेम त्याच्यासाठी नाही."

"अहो, तो सगळ्यांसाठीच आहे, हीच तर माझी डोकेदुखी आहे." मग त्या कपाळ चोळत म्हणाल्या, "ठेवा. जबाबदारी तुमची."

म्हणजे तो जिंकला होता. हे लक्षात ठेवा, कारण मला ते विसरता येत नाही.

गेम बाजारात जायच्या आधीच्या पंधरवड्यात वेगळीच यादी आली. ती माणसांनी केलेली नव्हती. एक तपासनीस प्रोग्राम त्या सूचनांचं सगळं लिखाण चाळतो आणि यंत्र कुठे कुठे विनाकारण रिकामं बसतंय ते शोधतो. एकोणीसशे जागा निघाल्या. नोंदीत बाई नाही, खोली नाही, काही नाही. नुसता फाइलचा क्रमांक, ओळीचा क्रमांक आणि वाया गेलेला वेळ. सगळ्यांना वाटून दिल्या. ओळ उघडायची, थांबा काढायचा, नोंद मिटवायची, पुढची घ्यायची. त्यातल्या एका दुपारी त्याचा फोन आला. "मावशी, आज एकशे साठ मिटवल्या! आमच्या मजल्यावर पहिला!" मी म्हटलं, "शाब्बास. जेवलास का?"

जेवला नव्हता.

गेम निघाला. एका रविवारी सकाळी तो ते यंत्र घेऊन आईकडे आला, मलाही बोलावलं. बहीण आता सत्त्याहत्तरची आहे, गुडघे संपलेत, बोटं मात्र शाबूत. पडद्यावर तिचंच घर होतं, खरं वाटावं असं. खिडकीतून ऊन येत होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. "अगंबाई," ती म्हणाली, "हा कपाटाचा पोपडासुद्धा काढलास?"

"तू खेळ ना, आई."

ती खेळली. सहा माणसं, सात, आठ. ठिपक्या पडद्याकडे बघतच नव्हता, आईच्या तोंडाकडे बघत होता. नववा आला. बाई त्याच्या बाजूने पाणी घेऊन ताडताड निघून गेली. दहावा, अकरावा. माणसं अदबीने बाजूला होत होती आणि बाई हॉटेलातल्या वाढप्यासारखी सराईत फिरत होती.

बहिणीने बटण सोडलं.

"ही कोण रे?"

"तू आहेस, आई."

"छे. हिला काही झालेलंच नाही."

तेव्हा त्याने पडद्याकडे पाहिलं. यंत्र आईच्या हातातून घेतलं, पुन्हा पहिल्यापासून खेळला. मग आणखी एकदा. मी त्याला पाणी दिलं ते तसंच राहिलं.

सोमवारी त्याने ऑफिसात बदलांची वही उघडली. कुठली ओळ कुणी, कधी काढली ते सगळं तिथे नोंदलेलं असतं. त्याला वाटत होतं, कुणीतरी मुद्दाम काढली. मॅडमनी शब्द फिरवला असेल, तपासणाऱ्यांपैकी कुणी सूड घेतला असेल. त्या चारही ओळींसमोर त्याचंच नाव होतं. त्याच दुपारी काढलेल्या, एकशे साठातल्या चार. चारींना मिळून अकरा सेकंद लागले होते. आणि तपासणाऱ्यांच्या लक्षात कसं आलं नाही? तक्रार मिटली की ते खूण करतात आणि पुढे जातात. सुरळीत चाललेल्या गोष्टीची नोंद करायला त्यांच्याकडे रकानाच नाही.

तो मॅडमकडे गेला. ओळी परत घालता येतात, घरोघरच्या यंत्रांवर दुरुस्ती पाठवता येते. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्रातलं परीक्षण समोर सरकवलं. लिहिलं होतं, एवढी गर्दी, तरी कुठेही अडखळत नाही. नव्या यंत्राची खरी ताकद इथे दिसते.

"आता तुम्ही हळू केलंत, तर लोक म्हणतील बिघडवलं. आणि मी काय उत्तर देऊ? काढलं तुम्हीच."

तो तसाच उठून माझ्याकडे आला. मी त्याला म्हटलं, सोडून दे ती नोकरी, घरी बसून स्वतःचा कर एखादा छोटा गेम. तो म्हणाला, "कशावर करू, मावशी? आता सगळंच वेगात चालतं. आणि हात माझेच ना? याच हातांनी काढलंय मी."

जुनं साबणाच्या वडीसारखं यंत्र बहिणीच्या कपाटात होतं. आम्ही काढून पाहिलं. आतली बॅटरी फुगून पाठीचं झाकण उचललं गेलंय. सुरू होत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने हातात घेऊन लगेच परत दिलं.

रविवारी तो येतो. आईला पलंगावरून उठवून बाहेरच्या दारापर्यंत चालवतो. डॉक्टरांनी सांगितलंय. पंधरा पावलांना तिला पुन्हा पाच मिनिटं लागतात, आणि वाटेत कोणी नसतं. तो तिच्या पावलाशी पाऊल जुळवत चालतो, मान खाली घालून.

गेल्या रविवारी मी विचारलं, "सध्या काय दिलंय?"

"गर्दी," तो म्हणाला. "बाजाराचा चौक आहे. चारशे माणसं."

"मग? जमतंय?"

"जमलं. कुणी कुणाच्या वाटेत येत नाही."