शंभर दिवसांची शाल

बाळकुमच्या कोळीवाड्यातला भिवाजी पाण्याला भ्यायचा नाही आणि विजेलाही नाही. भ्यायचा तो फक्त कमीपणाला. शहाडच्या एका धाग्याच्या कारखान्यात तो वीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता, आणि ‘भिवाजीचा हात लागला की मशीन ऐकतं’ ही स्तुती त्याच्या डोक्यात जरा जास्तच गेली होती.

१९९६ साली तिथं मल्टिलेव्हल कन्व्हर्टर आला. मोठ्या मोटरला पायरीपायरीने व्होल्टेज देणारं, कपाटाएवढं यंत्र. पण प्रकृती भलतीच नाजूक! लाइनचं व्होल्टेज पापणी लवेपर्यंत जरी खाली आलं, तरी त्यातला रिले हा संरक्षक स्विच ट्रिप मारायचा, मोटर थांबायची आणि धागा तुटायचा.

“यंत्राच्या संरक्षणासाठीच आहे तो रिले. हात लावायचा नाही,” डोंबिवलीचे तरुण इंजिनियर प्रभाकर बजावायचे. मॅनेजर मात्र भिवाजीलाच टोचायचा, “काय रे, हे मशीन ऐकेना वाटतं तुझं?”

झालं! रिलेला बगल देणारी वीतभर वायर भिवाजीने गुपचूप जोडली आणि दोऱ्याने बांधून टाकली. शंभर दिवस एकही ट्रिप नाही, म्हणून मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याला शाल-श्रीफळ दिलं. भिवाजीने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्यानंतर चौथ्याच दिवशी भरदुपारी व्होल्टेज पार बसलं आणि लगेच उसळून परत आलं. घात केला तो त्या परतण्याने. वीज साठवणाऱ्या, पण आता रिकाम्या झालेल्या कपॅसिटरमध्ये करंट असा घुसला की आतले भाग फटाफट फुटले. माणसं वाचली, हे नशीब. धुरात भिवाजीने आधी काय केलं असेल, तर वायर उपटून खिशात घातली.

रिलेची सेटिंग चुकली, असा ठपका प्रभाकरांवर आला. चौकशीच्या वेळी भिवाजी शेजारीच उभा होता. त्याची जीभ रेटली नाही. प्रभाकरांची बढती गेली आणि लांब बदली झाली.

दोन वर्षं भिवाजीला स्वतःची लाज वाटत राहिली. आरशात बघून दाढी करणंही नको व्हायचं. प्रभाकर रजेवर घरी आल्याचं कळलं, तेव्हा तो डोंबिवलीला गेला आणि दारातच म्हणाला, “सायेब, ती वायर मीच लावलेली.”

“माहीत आहे, भिवाजीकाका. वायर तुम्ही नेलीत, पण ती बांधलेला दोरा आतच राहिला होता. कोळ्यांच्या जाळ्याची गाठ. आपल्याकडे ती दुसरं कोण मारणार?”

“मंग तुमी बोललाव का नाय?”

“तुम्ही बोलाल, असं वाटलं होतं,” प्रभाकर म्हणाले.