जिन्यात तुटणारा कॉल

सुनेनं तिन्ही मजल्यांवर वायफायचे डबे बसवले, सगळ्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. तरी सासूबाई बहिणीशी बोलत जिना चढल्या की कॉल तुटायचाच. फोन खालच्याच डब्याला गोचिडीसारखा चिकटून राहायचा. सून अगदी मेटाकुटीला आली. शेवटी वैतागून तिनं खालच्या डब्याची ताकद कमी केली, म्हणजे वर जाताना फोन त्याला सोडून वरचा डबा धरेल, आणि सासूबाई थेट गच्चीपर्यंत बोलत गेल्या, तरी कॉल तुटला नाही.

"बघा, जमलं!" सून म्हणाली.

सासूबाईंनी फोनवर हात दाबून धरला. "काय जमलं? तिचं रडगाणं सुरू झालं की मी मुद्दाम जिना चढायचे. आता सुटू कशी?"

"अहो, सगळे रविवार गेले की माझे यात!" सुनेनं कपाळावर हात मारला.