शलाकाचं नाक आणि गुलाबी बाटली

बाहेर जायला बंदी असली की किस्से घरातच साठत जातात. दोन हजार वीसच्या ऑक्टोबरमध्ये पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम आला, आणि ओंगार या आयरिश उपनगरातल्या आमच्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग आम्ही तिघी एकमेकींकडेच बघत बसायचो. एक मी, जिचं सँडीफोर्डचं ऑफिस उचलून बेडरूममध्ये आलं होतं. दुसरी अनघा, पुण्याची डॉक्टर, हॉस्पिटलमधून रोज पार पिळून निघून यायची. तिसरी कराडची शलाका. तिने मार्केटिंगचं मास्टर्स केलं, नेमक्या तेव्हाच नोकऱ्या गोठल्या, म्हणून ती शहरातल्या एका मोठ्या दुकानात परफ्यूमच्या काउंटरवर उभी राहिली. आजही आम्ही भेटलो की विषय तिच्या नाकावर येतोच.

*

बंदीमुळे दुकान बंद होताना शलाकाने गिऱ्हाइकांना हुंगायला ठेवलेला एक उघडलेला टेस्टर घरी आणला. विशीतल्या मुलींसाठी काढलेला नवाकोरा, महागडा परफ्यूम. गुलाबी बाटली, झाकण म्हणून मुठीएवढं फूल, आणि आत निशिगंध, मोगरा, गुलाब सगळे एकदम. जाहिरातीतली मुलगी बाटली हातात घेऊन कुणाशी तरी भांडायला निघालेली दिसायची. वासही तसाच होता.

एका सकाळी शलाका आरशासमोर फवारे मारतेय, मारतेय, थांबेचना. वरच्या खोलीत मीटिंगमध्ये मला शिंकांवर शिंका. मॅनेजरने विचारलं, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "फुलांची ॲलर्जी आहे." माझ्यामागे पांढरी भिंत होती.

"बाटली बिघडलीय गं," शलाका खालून ओरडली. "नुसतं पाणी येतंय."

अनघा नाकाला ओढणी लावून जिन्यात आली आणि तिथूनच म्हणाली, "बाटली ठीक आहे. तू बिघडलीयस. मास्क लाव आणि खोलीत जा."

टेस्ट पॉझिटिव्ह आली.

*

ताप दोन दिवसांत गेला, नाक मात्र गेलं ते गेलंच. आईला सांगायचं नाही असं शलाकाने ठरवलं. खोलीतून सुटका झाल्यावर एका दुपारी तिने डाळ शिजत ठेवली आणि कराडला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही दोघी बाहेर होतो.

आई म्हणाली, "आगं, तुझ्या मागं कसला धूर निघालाय?"

"कुठं काय?"

"डाळ लागली न्हवं! वास न्हाई येत व्हय तुला?"

"सर्दी झालीय गं."

"सर्दी हाय का ते हाय?"

पुढची चाळीस मिनिटं कराडचं अख्खं घर स्क्रीनवर होतं. त्या दिवसापासून आई बरोबर स्वयंपाकाच्या वेळी फोन करायची आणि हजारो मैलांवरून शेगडीवर लक्ष ठेवायची. "उजवीकडचा गॅस बारीक कर," म्हणायची. शेगडी विजेवर चालते, हे आम्ही तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

*

अनघाने नाकाचा व्यायाम सुरू केला. चार बरण्या: लवंग, लिंबू, कॉफी, गुलाब. शलाकाने रोज डोळे मिटून एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. बरण्या प्रेसमध्ये ठेवलेल्या असत. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो.

पंधराव्या दिवशी शलाकाने बरणी नाकाशी धरली, चेहरा उजळला. "लिंबू! अगदी हलकं, पण लिंबूच."

मी तिला मिठीच मारणार होते. अनघाने बरणी तिच्या हातातून घेतली आणि उलटी केली. धुऊन वाळत ठेवलेली रिकामी बरणी होती.

"खोटं किती छान बोलतेस," अनघा म्हणाली. "तुझं काउंटरवर काही अडणार नाही."

*

पण अडत होतं. डिसेंबरात दुकानं उघडणार होती. काउंटरवर शलाका आणि कॉर्क गावची एक मुलगी, दोघी हंगामी. नाताळानंतर कायम होणार एकच. जागा मिळाली नाही तर शलाकाला सामान बांधून कराडला परत जावं लागणार होतं. परफ्यूम विकणारीला वास येत नाही हे ती कुणाला सांगणार? एकदा सिंकपाशी उभी राहून ती रडली.

मग आम्ही दोघींनी बाटली हुंगून तिला वर्णनं पुरवायचं ठरवलं. मी म्हटलं, "देवळाबाहेरच्या फुलवालीच्या टोपलीत डोकं घातल्यासारखं." अनघा म्हणाली, "लग्नात नटलेल्या करवलीच्या अगदी मागे उभं राहिल्यासारखं. गजरा, पावडर, आणि थोडा राग." शलाकाने सगळं वहीत उतरवून घेतलं.

*

काउंटरवर टेस्टर हुंगायला बंदी, गिऱ्हाइकांच्या तोंडावर मास्क. सगळा खेळ बोलण्यावर. एक मुलगा मैत्रिणीसाठी घ्यायला आला. "तिला आवडेल का?"

शलाका म्हणाली, "ते माहीत नाही. पण ती खोलीत आली हे सगळ्यांना कळेल."

त्याने घेतला. दोन दिवसांनी तो पुन्हा हजर. त्याच्या आईने बाटली ठेवून घेतली होती, आता आजीलाही हवी होती. मैत्रिणीची बाटली तिसऱ्या खेपेला गेली.

*

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात मॉरीनने शलाकाला मागच्या गोदामात बोलावलं. मॉरीन म्हणजे काउंटरची मुख्य, तीस वर्षं याच धंद्यात, दुकानभर तिच्या नाकाचा दरारा. टेबलावर कागदाच्या तीन पट्ट्या होत्या. "मास्क खाली घे. यातला आपला गुलाबी बाटलीवाला कुठला?"

शलाकाने मास्क हनुवटीवर ओढला. तिने पहिली पट्टी हुंगली, दुसरी हुंगली, तिसरी हुंगली, तिन्ही नुसता कागद. मग तिसरीवरच डोळे मिटून तिने वही आठवली. "हा. आधी निशिगंध, मागून मोगरा. लग्नघर आहे हे."

मॉरीनने तिसरी पट्टी नाकाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली. "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत छान, असं म्हणाली आणि फॉर्मवर सही केली. "जागा तुझी."

शलाकाला हसू का रडू ते कळेना. थँक्यू म्हणून ती वळली, तर मॉरीनने उठून दार लावून घेतलं. खुर्ची जवळ ओढली. आवाज एकदम खाली.

"कुणाला सांगू नकोस. मार्चपासून मला कशाचाच वास येत नाही. हा परफ्यूम तर मी एकदाही हुंगलेला नाही. तू इतकं छान सांगतेस... खरंच कसा आहे गं तो?"

शलाकाने एक लांब श्वास घेतला, मॉरीनच्या समोर बसली आणि सांगायला लागली. मॉरीन डोळे मिटून ऐकत राहिली.