धावपट्टी

दारापुढच्या रस्त्यावर आज गरम डांबर ओतलं आणि त्या वासासरशी होटगीच्या वाटेवरचा माळ आठवला. बहात्तरच्या दुष्काळातून आमची मेंढरं कशीबशी वाचली होती आणि विमानतळाच्या कडेच्या त्या माळावर चरत होती. एक दिवस जमीन मोजायची टेप घेतलेला साहेब आला आणि सासूबाईंना म्हणाला, “बाई, मेंढरं हलवा, धावपट्टी वाढणार आहे.” सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “घरपट्टी झाली, पाणीपट्टी झाली, आता धावायची बी पट्टी व्हय? आमची मेंढरं धावत न्हाईत साहेब, चालत्यात.” साहेब हसला. विमान ज्यावरून धावतं तो रस्ता म्हणजे धावपट्टी, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, “उडायचं सोडून ते धावतंय कशाला?” “धावल्याशिवाय उडता येत नाही,” तो म्हणाला. “मग आमी मेंढरं चारायची कुटं?” सासूबाईंनी विचारलं. तो टेप गुंडाळत राहिला. पुढं डांबर पडलं, कुंपण आलं, आम्ही निम्मी मेंढरं विकली. सासूबाई पुन्हा तिकडं फिरकल्या नाहीत. मी मात्र मुद्दाम कुंपणाशी जाऊन उभी राहिले. विमान आमच्या माळावरून खरंच आधी धावलं, मग उडालं. विमानात मी अजून बसलेली नाही. बसले तर आधी खिडकीतून तो माळ बघेन.